जुन्या घरगुती संगणकासाठी लिनक्स

ग्रामीण भागातील पुष्कळ घरांत आज एखादा जुना संगणक आढळतो. मुलाच्या किंवा मुलीच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने तो दहा-बारा वर्षांपूर्वी विकत घेतलेला असतो. पुढे त्यावर दूध संस्थेचे हिशोब, बचत गटाची इतिवृत्ते, पाणीवापर संस्थेची पत्रे अशी कामे होऊ लागतात आणि वर्षे लोटतात तसा तो मंद होत जातो. चालू करावयास पाच मिनिटे आणि साधे पत्र उघडावयास दोन मिनिटे लागू लागली म्हणजे त्यावर एखादे जुने कापड घालून तो कोपऱ्यात सारला जातो. वास्तविक यंत्र बिघडलेले नसते. त्यावर लादलेला भार तेवढा वाढलेला असतो.

अशा संगणकांपुढे आता आणखी एक अडचण उभी राहिली आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणारांस जी जादा मुदत देण्यात आली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर निदान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर असावा लागतो. साधारणपणे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत बसत नाहीत. दुरुस्ती थांबली म्हणून जुना संगणक लगेच बंद पडत नाही, हे खरे. परंतु नव्याने उघडकीस येणारी छिद्रे बुजविली जात नाहीत, आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत ही गोष्ट कुंपण पडलेल्या मळ्यासारखी समजावी.

यावर बहुतेक ठिकाणी दोनच उपाय सुचविले जातात. एक, नवीन संगणक घेणे. दुसरा, तालुक्याच्या गावी कोणाकडून तरी विंडोजची परवाना नसलेली प्रत घालून घेणे. पहिला उपाय खर्चाचा आहे. दुसरा बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतींतून पुष्कळदा चोरवाटा असलेली सॉफ्टवेअरे घरात शिरतात आणि ती कोणी घातली याचा पत्ता लागत नाही. तिसरा उपाय कमी खर्चाचा आणि कायदेशीर आहे. तो म्हणजे लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीवरील कार्यप्रणाली बसविणे. मात्र तो सर्वांस सारखाच लागू पडतो असे नाही. तो कोणास लागू पडेल आणि कोणी त्याच्या वाटेस जाऊ नये, याचा विचार पुढे केला आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय

संगणकाचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कळफलक, प्रिंटर ही सारी साधने एकच असतात, पण ती एकाच वेळी अनेक कामांस हवी असतात. कालव्यावरील पाटकरी ज्याप्रमाणे पाणीपाळी ठरवून प्रत्येक शेतास ठराविक वेळ पाणी देतो, त्याप्रमाणे कार्यप्रणाली प्रत्येक कामास प्रोसेसरची पाळी देते. ही पाळी सेकंदाच्या अगदी लहान अंशाची असल्यामुळे सर्व कामे एकदमच चालली आहेत असा भास होतो. पाटकरी स्वतःच पुष्कळ पाणी पिऊ लागला तर शेतास काय उरणार? जुन्या संगणकावर नव्या व जड कार्यप्रणालीमुळे नेमके हेच घडते. लिनक्सचे काही प्रकार थोड्या रॅममध्ये काम भागवितात आणि उरलेली रॅम वापरणाराच्या कामास मोकळी ठेवतात.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी रचण्यास आरंभ केला. ती चालली विद्यापीठे व कंपन्या यांच्या यंत्रांवर. घरी संगणक असणारास तिचा परवाना परवडण्यासारखा नव्हता. या अडचणीतून स्वस्त पर्याय निघू लागले. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी १९८७ साली मिनिक्स ही लहानशी प्रणाली पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. मार्क विल्यम्स या अमेरिकन कंपनीची कोहेरंट नावाची प्रणाली पुढे सुमारे १०० डॉलरला मिळू लागली. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने आपल्या घरच्या ३८६ संगणकावर, मिनिक्सच्या आधाराने काम करीत, स्वतःचे नवीन प्रणाली-केंद्र लिहिले. तेच लिनक्स होय. १९९२ साली त्याने ते जीपीएल या परवान्याखाली खुले केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्यास जोडली गेली आणि संपूर्ण कार्यप्रणाली सिद्ध झाली.

या परवान्याचे मर्म शेतकऱ्यास चटकन कळण्यासारखे आहे. घरच्या पिकातून राखलेले बियाणे पेरता येते, शेजाऱ्यास देता येते, निवडीने सुधारताही येते. जीपीएल परवान्याखालील सॉफ्टवेअरचे तसेच आहे. ते वापरावे, त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात बदल करावा. मात्र बदललेली वस्तू दुसऱ्यास देताना तिचे मूळ लेखनही त्याच अटीवर त्यास उपलब्ध करून द्यावे, एवढे बंधन आहे. म्हणून एका गावात एकाने आणलेली लिनक्सची प्रत साऱ्या गावाने वापरली तरी त्यात चोरी होत नाही. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी. विनामूल्य म्हणजे काहीतरी लबाडी असणार, अशी शंका लोकांच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. फुकटाच्या नावाखाली फसविणारे पुष्कळ आहेत.

प्रथम अडचणी पाहाव्यात

नवीन वाण घेताना जमिनीचा कस पाहतात, त्याप्रमाणे लिनक्स घेण्यापूर्वी आपले काम कशावर अडते ते पाहिले पाहिजे. सातबारा उतारा पाहणे, पीक विम्याचे अर्ज, बाजारभाव, ईमेल, बँकेचे संकेतस्थळ ही कामे ब्राउझरमधून होतात, आणि फायरफॉक्स हा ब्राउझर लिनक्सवर उत्तम चालतो. पत्रे, तक्ते, हिशोबाची पाने यांसाठी लिब्रे ऑफिस हा मोफत संच मिळतो. वर्ड व एक्सेलच्या फाइली तो उघडतो. क्वचित तक्त्याच्या रेघा सरकतात किंवा गुंतागुंतीची सूत्रे व मॅक्रो अडतात, एवढे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण पुढील ठिकाणी येते. संस्थेचे हिशोब टॅलीवर असतील तर ते सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनविलेले आहे. अशा संस्थेने आपला मुख्य संगणक बदलू नये. सेवा केंद्र चालविणारांस बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन लागते. या यंत्रांना जे ड्रायव्हर लागतात ते लिनक्ससाठी मिळतात की नाही, हे यंत्र देणारास विचारून लेखी घ्यावे. 'बहुधा चालेल' या उत्तरावर विसंबून राहू नये. प्रिंटरचेही तसेच आहे. पुष्कळसे प्रिंटर जोडताच चालू होतात, पण आपल्याकडे कचेऱ्यांत सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० सारख्या काही जुन्या लेझर प्रिंटरांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो आणि ते काम खटपटीचे आहे.

तिसरी अडचण अक्षरांची असून तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुनी मराठी पत्रे श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टांत टंकिलेली असतात. या पद्धतीत संगणक आत रोमन अक्षरांचेच आकडे साठवितो आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवितो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला म्हणजे 'सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' उघडताच तेथे रोमन अक्षरांचा अर्थशून्य काला दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण पाहणाराचा जीव घाबरा होतो. यास्तव जुना संगणक चालू आहे तोवरच अशा सर्व पत्रांच्या पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात, आणि ज्यांत पुढे फेरफार करावयाचे आहेत ती पत्रे परिवर्तक सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये आणावीत. परिवर्तनानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालणे अवश्य आहे.

न बसविता चाचणी

लिनक्सचा एक मोठा गुण असा की, ते हार्ड डिस्कला हात न लावता केवळ पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. घरगुती वापरास लिनक्स मिंट हा प्रकार सोयीचा आहे. त्यास निदान २ जीबी रॅम व २० जीबी जागा लागते आणि ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने चालते. त्याचे जे तीन अवतार मिळतात त्यांपैकी जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई हा हलका अवतार निवडावा. अगदी जुन्या ३२ बिट प्रोसेसरवर मात्र हा प्रकार चालत नाही, आणि डेबियननेही २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्थापना-संच देणे बंद केले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली काढलेली बॉस ही प्रणालीदेखील डेबियनवरच आधारलेली आहे.

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. मोबाइलच्या दैनंदिन डेटात ती एका दिवसात उतरेलच असे नाही. म्हणून एखाद्या महाविद्यालयातून वा परिचिताच्या घरून ती आणविणे बरे. उतरवून घेतल्यावर तिची पडताळणी करावी. मूळ संकेतस्थळावर तिचा एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असतो. आपल्या प्रतीचा ठसा काढून तो त्याच्याशी ताडून पाहावा. एकाही अक्षराचा फरक पडला तर ती फाइल टाकून द्यावी. बियाण्याच्या पिशवीवरील टिपण वाचल्याशिवाय पेरणी करू नये, तसेच हे आहे.

त्यानंतर एचर किंवा रुफस यांसारख्या साधनाने ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवावी. नुसती नक्कल करून भागत नाही, आणि या कृतीत पेन ड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व पुसले जाते. तो निदान ४ जीबीचा असावा, ८ जीबीचा असल्यास उत्तम. मग संगणक बंद करून, पेन ड्राइव्ह लावून, चालू करताक्षणी एफ१२, एफ९, एफ२ किंवा एस्केप यांपैकी त्या बनावटीस लागू असणारी कळ दाबली म्हणजे कोठून सुरुवात करावी याची यादी येते. तीत पेन ड्राइव्ह निवडावा.

या अवस्थेत निदान दोन-तीन दिवस काम करून पाहावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, बँकेचे पान उघडते का, जुन्या फाइली दिसतात का, हे एकेक तपासून वहीत लिहून ठेवावे. पेन ड्राइव्हवरून चालताना वेग थोडा कमी असतो आणि संगणक बंद केला की केलेले काम साधारणतः राहत नाही, हे ठाऊक असावे. एखादे आवश्यक काम येथेच अडले तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. संगणक पूर्वी होता तसाच आहे.

बसविताना घ्यावयाची काळजी

चाचणी समाधानकारक झाल्यावरही लगोलग पुढे जाऊ नये. प्रथम सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. दहा वर्षांचे दूध संकलन, सभासदांची देणी-घेणी, मुलांची प्रमाणपत्रे, कौटुंबिक छायाचित्रे ही त्या जुन्या पेटीतील खरी मालमत्ता होय, आणि ती जाते ती बहुधा एका चुकीच्या होकारामुळे.

तो होकार कोठे द्यावा लागतो हे माहीत असावे. बसविण्याच्या ओघात एका ठिकाणी दोन पर्याय पुढे येतात. एकात लिनक्स पूर्वीच्या विंडोजशेजारी स्वतंत्र भागात बसते. दुसऱ्यात सारी डिस्क पुसून तेथे फक्त लिनक्स राहते. जागा पुरेशी असेल तर नवख्याने पहिला पर्याय घ्यावा, म्हणजे संगणक चालू होताना दोहोंपैकी हवी ती प्रणाली निवडता येते. तत्पूर्वी विंडोजमधील झटपट सुरुवातीची सोय बंद करून ती पूर्णपणे बंद करावी. अर्धवट निजलेल्या विंडोजचा भाग लिनक्स केवळ वाचावयास देते, त्यावर लिहू देत नाही. हे काम वीज खात्रीने असेल अशा वेळी करावे. लॅपटॉप असल्यास बॅटरी भरलेली असावी.

यंत्रात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल आणि थोडा खर्च करण्याची तयारी असेल, तर याच वेळी तिच्या जागी एसएसडी बसवून घेणे सर्वांत लाभदायक ठरते. जुना संगणक मंद असण्याचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून ती डिस्क असते. जुनी डिस्क तशीच जपून ठेवावी, म्हणजे मूळ माहितीची एक प्रत आपोआप शिल्लक राहते.

मराठी लेखन

मिंटमध्ये कळफलकाच्या मांडणीत 'भारत' या नावाखाली मराठीचे पर्याय सापडतात. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांनी तीच मांडणी घ्यावी. रोमन कळांच्या उच्चारावरून लिहिण्याची सवय असणारांसाठी कगप नावाची ध्वन्यानुसारी मांडणी आहे. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने असल्यामुळे ती पंधरा-वीस दिवसांच्या सरावाने हातात बसते. नवशिके हटकून अडतात ते 'शेतकऱ्यांना' या शब्दावर. त्यातील अर्धा र नेहमीच्या र ने येत नाही. र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली असता 'ऱ' उमटतो. त्यापुढे हलन्त व य दिला म्हणजे 'ऱ्य' बरोबर जुळते.

मालकी, मुभा आणि लहान हत्यारे

युनिक्सची जन्मभूमी अनेकांनी मिळून वापरावयाच्या यंत्रांवर असल्यामुळे प्रत्येक फाइलीस मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे यांची वेगवेगळी मुभा असते. घरातील प्रत्येकाचे निराळे खाते व निराळा परवलीचा शब्द ठेवावा. संस्थेचा हिशोब ठेवणारे एक खाते आणि मुलांच्या खेळा-अभ्यासाचे दुसरे, अशी व्यवस्था असली म्हणजे मुलाच्या हातून काही पुसले गेले तरी ते त्याच्याच दालनापुरते राहते. संपूर्ण प्रणालीत बदल करण्याचा अधिकार 'रूट' या वरिष्ठ खात्यास असतो आणि असे काम करताना परवलीचा शब्द पुन्हा विचारला जातो. वारंवार विचारणा होते म्हणून कंटाळून तो सोपा करू नये. कारण न कळता कोठे विचारला गेला, तर तेथे हात आखडता घ्यावा.

युनिक्सची दुसरी खूण म्हणजे लहान लहान साधने. खळ्यावर मळणी, उफणणी आणि चाळणी ही कामे निरनिराळ्या साधनांनी होतात आणि एकाचा माल दुसऱ्याकडे जातो. येथेही तसेच. १९७३ साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये 'पाइप' ही सोय आली. उभ्या रेघेच्या चिन्हाने एका आज्ञेचे फळ दुसरीच्या हाती दिले जाते.

समजा, दूध केंद्राची महिन्याची नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. प्रत्येक ओळीत तारीख, खाते क्रमांक, वेळ, लिटर आणि शेरा स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आहेत. कोणत्या खात्याचे दूध किती वेळा नाकारले गेले, हे पाहावयाचे आहे. 'ग्रेप' ही आज्ञा 'नाकारले' हा शब्द असलेल्या ओळी चाळून काढते, 'कट' त्यांतील खाते क्रमांकाचा रकाना उचलते, 'सॉर्ट' ते क्रमाने लावते आणि 'युनिक' लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या मोजते. शेवटची आज्ञा केवळ लागोपाठच्याच ओळी ओळखते, म्हणून तिच्याआधी क्रम लावणे चुकवून चालत नाही. चुकविले तर गणती खोटी येते आणि ती खोटी आहे हे दिसतही नाही. या आज्ञा रोमन लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात. फाइलीतील आकडे मात्र इंग्रजी अंकांतच ठेवावेत, कारण ९ आणि १० यांतील लहान-मोठे ठरविताना ही साधने देवनागरी अंकांस संख्या मानीत नाहीत. नोंदवहीची पाने उलटीत संध्याकाळ घालविण्याऐवजी हे उत्तर क्षणात मिळते, आणि एखाद्या सभासदाची म्हैस आजारी आहे किंवा त्याची भांडी नीट धुतली जात नाहीत, ही गोष्ट महिनाअखेरीस ध्यानात येते. ज्यांस असल्या आज्ञा नकोत त्यांनी त्या शिकण्याची गरज नाही. नेहमीचे सर्व काम खिडक्या व चित्रांवरूनच होते.

विजेच्या लपंडावाबद्दल थोडेसे. लिनक्समध्ये सहसा वापरली जाणारी एक्स्ट४ ही साठवणुकीची पद्धत आपल्या बदलांची रोजनिशी ठेवते, त्यामुळे अकस्मात वीज गेल्यास डिस्कवरील मांडणी सहसा विस्कटत नाही. पण जतन न केलेला मजकूर तीही वाचवू शकत नाही. लिब्रे ऑफिसच्या पर्यायांत आपोआप जतन करण्याचा अवधी सामान्यतः १० मिनिटांचा असतो. भारनियमनाच्या गावात तो ३ मिनिटांवर आणावा. आठवड्यातून एकदा प्रणालीची अद्ययावतता पाहावी व त्याच दिवशी फाइलींची नवी प्रत काढावी. बाजाराचा दिवस यासाठी ठरवून घेतल्यास विसर पडत नाही. आणि हे सारे बसविण्याचे काम सुगीच्या किंवा पेरणीच्या घाईत काढू नये. उन्हाळ्यात, शेतीची कामे हलकी असताना, दोन-तीन घरांनी मिळून एकाच पेन ड्राइव्हवर ते आटोपावे.